हळव्या माणसाचे सैनिकपण

साने गुरुजींचे नाव निघाले की मराठी माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक हसू येते. ‘श्यामची आई’, डोळ्यांना लागलेला पदर, आणि लगेच शेरा: फार रडतो बुवा तो श्याम. 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि गुरुजींवरचा शिक्का कायमचा पक्का झाला. मायाळू, मुलांचे, अश्रूंचे लेखक. महाराष्ट्राच्या लढवय्यांच्या यादीत त्यांना कुणी बसवत नाही. त्या यादीसाठी तलवार लागते, निदान मिशा तरी.

माझे म्हणणे असे, की विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने जे थोडे खरे योद्धे पाहिले त्यांत हा माणूस पहिल्या रांगेत बसतो, आणि तिथे त्याला त्याचा हळवेपणाच घेऊन जातो. हे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही. म्हणून आधी समोरच्यांचे ऐकून घेऊ. त्यांची बाजू दुबळी नाही.

एक किरकोळ पक्ष आधीच निकालात काढतो. हल्ली डोंगरावरच्या रिसॉर्टात शनिवार-रविवारी ‘आध्यात्मिक योद्धा’ घडवणारी शिबिरे भरतात. पहाटे श्वसन, दुपारी सात्त्विक जेवण, संध्याकाळी ‘आतल्या शत्रू’वर व्याख्यान. शत्रू आत असतो हे खरेच आहे. पण या योद्ध्याचा शत्रू फक्त आतच असतो, ही त्यातली सोय. बाहेर कुणाशी वाकडे घ्यावे लागत नाही. कामवाल्या बाईचा पगार वाढवावा लागत नाही आणि सोमवारी साहेबासमोर खरे बोलावे लागत नाही. या विचाराची बरी आवृत्तीही आहे. चोग्याम त्रुंग्पा या तिबेटी गुरूंनी 1984 साली शंभालाच्या योद्ध्यावर पुस्तक लिहिले, त्यात योद्ध्याचे काळीज मऊच असायला हवे असे आग्रहाने मांडले. विचार मोलाचा. पण गुरूंचे स्वतःचे बेसुमार मद्यपान जगजाहीर होते आणि त्याच पायी ते पन्नाशीच्या आत गेले. मऊ काळजाचे तत्त्वज्ञान सांगणे आणि स्वतःच्या वागण्याला त्याचा जाच होऊ देणे, या दोन गोष्टींत अंतर पडू शकते, एवढे त्यावरून दिसते. इथे हा विषय सोडतो.

खरा भक्कम आक्षेप गीतेतून येतो. हा पक्ष म्हणतो, गीतेची सुरुवातच करुणेच्या पराभवाने होते. अर्जुनाला समोर आजोबा दिसतात, गुरू दिसतात, त्याचे अंग गळते, धनुष्य हातातून निसटते. तेव्हा श्रीकृष्ण त्याच्या कोमल अंतःकरणाचे कौतुक करत नाही, त्याला बोल लावतो. तेव्हा दया घरी ठेवून यावी आणि रणात कर्तव्य करावे, हाच गीतेचा धडा आहे, असे त्यांचे मत.

याला उत्तर धुळ्याच्या तुरुंगात दिले गेले आणि ते साने गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहून घेतले आहे. 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून असे 18 रविवार विनोबा त्या तुरुंगात गीतेवर बोलले. श्रोत्यांत राजकीय कैदी होते. गुरुजी भराभर उतरवून घेत होते, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहेत. पहिल्याच प्रवचनात विनोबा एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो लोकांना फाशी सुनावलेल्या या माणसासमोर एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्याला अचानक फाशीची शिक्षा अमानुष असल्याचा साक्षात्कार होतो. विनोबांचे निदान असे, की अर्जुनाचेही हेच झाले. आयुष्यभर लढाया मारलेल्या त्या वीराला हिंसेचा वीट आलेला नव्हता. समोर आप्त उभे होते म्हणून त्याला वैराग्य सुचले. ती आसक्ती होती आणि तिने दयेचा अंगरखा घातला होता.

हा फरक एकदा ध्यानात घेतला की आक्षेपकांचा सगळा डोलारा उलट्या बाजूला कलतो. श्रीकृष्णाने फेटाळली ती आपल्या माणसांपुरती असलेली माया. मग खरी करुणा ओळखायची कशी? आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहायची वेळ आली तर ती टिकते का, यावरून. परक्यांच्या अन्यायावर रडणे सोपे असते. आपल्या जातीच्या, आपल्या देवळाच्या, आपल्या पंक्तीतल्या माणसाने केलेला अन्याय डोळ्यांत पाणी आणू शकतो का, आणि ते पाणी आल्यावर माणूस जागचा हलतो का? ही कसोटी धुळ्यात कागदावर उतरवणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांनी ती पंढरपुरात देऊन दाखवली. त्याकडे येतोच.

मध्ये एक घरचा आक्षेप आहे, तो इतिहासाचार्य राजवाड्यांचा. वारकरी संतांनी महाराष्ट्राला पांगळे केले, टाळ कुटायला लावले, असा त्यांचा ठपका. नुसता सहिष्णू धर्म त्यांना पुरेसा वाटत नव्हता, त्यांना ‘जयिष्णू’ महाराष्ट्रधर्म हवा होता, आणि तो त्यांना रामदासांत सापडला. याला न्यायमूर्ती रानडे यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. 1900 साली आलेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी दाखवले, की संतांनी जातीपातींत विखुरलेला समाज मनाने जवळ आणला आणि त्याच भूमीवर शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहिले.

रानड्यांची बाजू मला जवळची, पण त्यांचे उत्तर पुरते पटत नाही. संत राज्य उभारायला उपयोगी पडले म्हणून ते बरे, असे म्हटले की राजवाड्यांची मोजपट्टी आपण मुकाट्याने हातात घेतली. तुकोबांना राज्य मिळवायचे नव्हते. तरीही त्यांच्या गाथेत लढाईची भाषा जागोजागी आहे, आणि ती लढाई कशी होती ते त्यांच्या चरित्रातल्या एका प्रसंगात दिसते. 1630च्या आगेमागे मोठा दुष्काळ पडला. घरात सावकारी होती, कुळांची खते होती. परंपरा सांगते, की तुकोबांनी ती खते इंद्रायणीत सोडायला काढली, पण त्याआधी दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि फक्त स्वतःचा अर्धा नदीत सोडला.

लोक नदीची आठवण ठेवतात, वाटणी विसरतात. मला वाटणी जास्त मोलाची वाटते. दुष्काळात खंगलेल्या कुळांची कणव आली, तेव्हा भावाच्या ताटातले उचलून उदार व्हायला तुकोबा तयार नव्हते. करुणा आणि सचोटी या दोन गोष्टी आपण सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एक संतांची, दुसरी हिशेबनिसाची. त्या एकत्र नांदल्या नाहीत तर काय होते ते आपण रोज पाहतो. दुसऱ्याच्या पैशावर दानशूर झालेले पुढारी आहेत, आणि एक पैशाचा घोळ न करता गरिबाच्या अर्जावर नकार लिहिणारे अधिकारीही आहेत. पहिल्यात सचोटी नाही, दुसऱ्यात कणव नाही. तुकोबांनी खते दोन भागांत केली त्या घडीला दोन्ही एकाच हातात होत्या.

आता पंढरपूर.

चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. मंगळवेढ्याला कुसू अंगावर कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. शतकानुशतके ‘अस्पृश्य’ वारकऱ्याची वारी त्या समाधीपाशी संपत असे. तो पायी चालत येई, चंद्रभागेत न्हाई आणि बंद दाराला हात जोडून माघारी फिरे. त्याच्या तोंडी अभंग तेच होते, जे आत गायले जात. संतांचा वारसा सांगणारा महाराष्ट्र हे सहाशे वर्षे बघत होता आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती.

1946च्या अखेरीस साने गुरुजींनी ठरवले, की हे दार उघडेपर्यंत उपाशी बसायचे. सहकाऱ्यांनी विनवले, आधी महाराष्ट्राला सांगा, समजवा, वेळ द्या. त्यांनी उपवास पुढे ढकलला आणि गावोगाव हिंडायला लागले. राष्ट्र सेवा दलाची कलापथके सोबत होती, सेनापती बापट त्यांच्या बाजूला उभे होते. (पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला आणि पुढे हातात खराटा घेऊन रस्ते झाडणारा हा सेनापती या मोहिमेत असावा, हे मला फार शोभून दिसते.) त्या दौऱ्यात कित्येक गावांनी देवळे उघडली, पाणवठे उघडले. पंढरपूर उघडले नाही. तेव्हा 1 मे 1947 रोजी गुरुजी पंढरपुरात बसले. गावात जागा मिळणे मुश्कील होते, तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. बाहेर सनातन्यांच्या मिरवणुका निघत, या साने नावाच्या माणसाला भीमेपार घालवा अशा घोषणा होत. तो माणूस त्यांच्याच जातीत जन्मला होता, त्याच देवाचा भक्त होता आणि त्याचे नाव पांडुरंग होते.

एवढ्यावर थांबले असते तर ही एका धाडसी सुधारकाची गोष्ट झाली असती. पुढची कसोटी जास्त कठीण निघाली, कारण ती शत्रूकडून आली नाही. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती पोचली होती. कायदा येऊ घातला आहे, मंदिर खुले होणारच आहे, मग उपवास कशाला, असे त्यांना वाटले आणि त्यांनी उपवास सोडण्याची तार केली. गांधीजी म्हणजे गुरुजींच्या आयुष्याचा ध्रुवतारा. त्यांच्या हाकेवर 1930 साली अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली, पुन्हा पुन्हा तुरुंग पाहिले, 1942 मध्ये भूमिगत झाले. त्या माणसाच्या शब्दाला नाही म्हणणे ही चेष्टा नव्हती. गुरुजींनी नम्रपणे नाही म्हटले आणि उपवास चालू ठेवला. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, मंदिराचे पुजारी असलेल्या बडव्यांशी बोलणी झाली आणि 10 मे रोजी दार उघडण्याचे मान्य झाल्यावर उपवास सुटला.

बडव्यांच्या विरोधात बसायला धैर्य लागते हे सगळ्यांना कळते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीही सत्यासाठी असहमत व्हायचे, आणि तरी त्याच्यावरचे प्रेम कमी होऊ द्यायचे नाही, हे मी त्याहून अवघड मानतो. आपल्याकडे नेत्याला नाही म्हणणारा लगेच बंडखोर होतो, नवा पक्ष काढतो, जुन्या गुरूच्या चुकांची यादी छापतो. गुरुजींनी यातले काहीच केले नाही. नऊ महिनेही उलटले नव्हते तोच गांधीजींचा खून झाला, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून 21 दिवसांचा उपवास करणारे हेच. खुनी महाराष्ट्रातला होता, आपल्या समाजातला होता, म्हणून पाप आपलेही आहे असे त्यांना वाटले. आपल्या माणसांच्या पुण्याईत वाटा मागायला रांग लागते. त्यांच्या पापात वाटा मागणारा मला दुसरा सहसा आठवत नाही.

आता दोन आक्षेप असे, जे सनातन्यांचे नाहीत आणि म्हणून टाळता येत नाहीत.

पहिला डॉ. आंबेडकरांच्या बाजूने येतो. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, वर्षांमागून वर्षे चालला आणि दार उघडले नाही. 1933 साली मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर त्यांनी स्वच्छ सांगितले, की आम्हाला प्रवेशापेक्षा शिक्षण, नोकऱ्या, उत्पन्न हवे, आणि खरी गोष्ट चातुर्वर्ण्य नाकारण्याची आहे. 1935 साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. मग 1947 साली पंढरपूरचे दार उघडून कुणाला काय मिळाले? नको असलेली भेट द्यायला इतका आटापिटा कशाला?

आक्षेप अर्धा मान्य आहे. दलितांची मुक्ती म्हणून पाहिले तर पंढरपूर फार उशिरा आले आणि फार थोडे होते. मंदिरात शिरता आले म्हणून कुणाच्या घरी चूल पेटली नाही. पण तो उपवास दलितांना काही द्यायला होता, असे धरून चालणेच मला चुकीचे वाटते. दार बंद ठेवणारे हात सवर्णांचे होते आणि त्या हातांची लाज सवर्णांनाच वाटायला हवी होती. गुरुजी बसले ते आपल्या लोकांसमोर. काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकरांचे अनुयायी मार खात उभे होते, तेव्हा आतल्या बाजूने कडी काढायला फार थोडे हात पुढे आले. सतरा वर्षांनी का होईना, आतल्या बाजूचा एक माणूस कडीपाशी जाऊन बसला. त्याला ‘उद्धारक’ म्हणण्याची गरज नाही, त्यानेही तसे म्हणवून घेतले नाही.

दुसरा आक्षेप उपवासाच्या हत्यारावरच आहे. उपवास म्हणजे दडपण. मरणाची भीती घालून मान्य करवलेली गोष्ट मनापासून मान्य झाली असे कसे म्हणायचे? याचे सर्वात बोचरे उदाहरण सप्टेंबर 1932 मध्ये येरवड्यात घडले. गांधीजींच्या उपवासापुढे डॉ. आंबेडकरांना पुणे करारावर सही करावी लागली, कारण गांधीजींच्या जिवाचे काही झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या अस्पृश्य वस्त्यांवर त्याचा सूड उगवला गेला असता. दडपण दुबळ्यावर आले. हे मी कुठल्याही गांधीप्रेमाखातर लपवणार नाही. पंढरपुरातही दडपण होतेच, नाही म्हणणे अप्रामाणिक ठरेल. फरक एवढाच, की ते बळकटांवर आले, आणि त्याआधी कित्येक महिने वणवण करून समजावण्याचा मार्ग चालून झाला होता. हत्यार कुणावर उगारले आणि आधी काय काय करून पाहिले, हे योद्ध्याला विचारायचेच प्रश्न आहेत. या दोन्ही प्रश्नांना गुरुजींकडे उत्तर आहे. येरवड्याकडे पहिल्याचे नाही.

दडपणाने मने बदलत नाहीत, हा मुद्दाही पुढे खरा ठरला. दार उघडले तरी बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क राहिले. ते काढून घेणारा पंढरपूर मंदिरे कायदा 1973 साली झाला. त्यावरचे खटले जानेवारी 2014 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात रेंगाळले, आणि त्यानंतर कुठे ब्राह्मणेतर आणि स्त्रिया तिथे पूजेला उभ्या राहू शकल्या. दहा दिवसांच्या उपवासाने झाले ते पहिले पाऊल होते. त्यापुढची सदुसष्ट वर्षे वकिलांनी, वारकऱ्यांनी आणि फायलींनी ओढत नेली.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो सहसा आवाज खाली करून सांगितला जातो. 11 जून 1950 रोजी साने गुरुजींनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय अवघे 50. ‘साधना’ साप्ताहिक सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आंतरभारतीचे स्वप्न नुकतेच बोलून दाखवले होते. मग लोक म्हणतात, पाहा, एवढी करुणा माणसाला झेपत नाही, शेवटी तीच त्याला खाते.

भक्त मंडळी याला हौतात्म्याचा मुलामा देतात, मला ते मान्य नाही. तो मृत्यू सुंदर नव्हता, आवश्यक तर मुळीच नव्हता. पण आक्षेपकांचे निदानही चुकते. अमळनेरच्या वसतिगृहात हा माणूस मुलांच्या खोल्या झाडायचा, त्यांचे कपडे धुवायचा, आजारी मुलाच्या उशाशी बसायचा. मुलाची चूक झाली तर तो त्याला माफ करी. स्वतःची चूक, किंवा जगाची चूक जी त्याला स्वतःची वाटे, ती मात्र त्याने कधी माफ केली नाही. सगळ्या प्राणिमात्रांच्या यादीतून त्याने एक नाव वगळले होते. म्हणजे कणव जास्त झाली असे म्हणण्यापेक्षा ती एका ठिकाणी कमी पडली असे मी म्हणेन. स्वतःशी केलेल्या निष्ठुरपणाला आपण इतकी वर्षे चारित्र्य म्हणत आलो, समाजकार्यातल्या कित्येक पोरापोरींना तेच शिकवत आलो. रात्री दोनपर्यंत जागायचे, जेवण विसरायचे, खचलो असे कुणाला सांगायचे नाही. गुरुजींच्या आयुष्यातून घ्यायचे ते पुष्कळ आहे, त्यात हे नको. मन खचलेल्या कार्यकर्त्याने मित्राला सांगणे, डॉक्टरकडे जाणे, सहा महिने काम बाजूला ठेवणे, याने त्याचे सैनिकपण उणे होत नाही.

राहता राहिला नेहमीचा सुस्कारा: हे थोरांचे झाले, आम्ही संसारी माणसे काय करणार? पंढरपूर आपल्या वाट्याला येणार नाही, हे खरे. पण कडीपाशी बसायची वेळ संसारी माणसालाच जास्त येते. लग्नाची बैठक चालू असते, मुलीने स्वतः निवडलेल्या मुलाचे आडनाव सांगितले जाते आणि क्षणभर सगळे गप्प होतात. मग थोरले काका घसा साफ करून विचारतात, ‘म्हणजे नेमके कोण ते?’ सोसायटीच्या सभेत कुणी सहज सुचवतो, की भाड्याने देताना ‘आपल्यातलाच’ बघा. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या जमातीची टर उडवणारा मजकूर येतो आणि पाठोपाठ वीस हसरे चेहरे. या जागी बोलणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. काकांशी अबोला होतो, पुढच्या मुंजीचे आमंत्रण उशिरा येते, आणि ‘फार शहाणी झालीस’ हे वाक्य आयुष्यभर मागे लागते. काकांवर प्रेम असते, म्हणून तर बोलणे जड जाते. आणि त्या बैठकीत चहाचे कप गोळा करता करता, आवाज जराही न चढवता, ‘काका, हा प्रश्न आपण विचारायचा नाही’ असे एखादी सून म्हणतेही.